खाचेतली तपकिरी रेघ

— हळू बोला ना जरा, डॉक्टर. मी काही बहिरी नाही, आणि आत बाबा बसलेत तेही नाहीत. डोळे अधू झालेत त्यांचे, कान नाही. इथे माझ्या हातून स्क्रू पडला तर आतून सांगतील कुठल्या मापाचा होता. ही ठकठक ऐकू येतेय ना, ते फ्रेट ठोकतायत, एकेक धातूची काडी तिच्या खाचेत, चालू दे त्यांचं. बसा. त्या स्टुलावर नको, त्याच्यावर सरस सांडलाय — माझ्याच हातून, दुसरं कोण — हां, याच्यावर. आणि द्या ते गिटार इकडे, पाहुण्यांच्या घरच्या तान्ह्या मुलासारखं काय धरलंय. हं. दाखवा, काय बघितलं तुमच्या त्या भिंगवाल्या मित्रानं.

कुठे? इथे, कडेला? फ्रेटच्या टोकाशी. अच्छा. हो, आहे की. बोटांखालची पट्टी काळी आणि खाचेत तपकिरी रेघ. केसाएवढी आहे, पण आहे, नाही कशाला म्हणू. म्हणजे ही एवढीशी रेघ दिसली आणि तुमची झोप उडाली. वर्षभर वाजवलंत ना हे? मला फोन करकरून सांगत होतात — काय आवाज, काय गोलाई, एबनी ती एबनीच. मी तेव्हाही म्हटलं होतं, अहो ती एबनी नाहीये, तर तुम्ही हसलात. तुम्हाला वाटलं बाई विनयानं बोलतेय. मी आणि विनय. आणि त्याच्याही आधी, गिटार न्यायला आलात त्या दिवशी, इथेच उभी राहून सांगितलं होतं तुम्हाला, हा अक्रोड आहे, काळा केलेला. तुम्ही मोबाइलवर कुणाला तरी गार पाण्यानं चूळ भरायला सांगत होतात आणि माझ्याकडे बघून मान हलवलीत. मी ती मान स्वतःसाठी धरली. पेशंटसाठी असेल, माझंच चुकलं.

काय म्हणता, परवापासून आवाज मेला? बघा म्हणजे. तारा त्याच, खोकं तेच, बोटं तीच — बोटांबद्दल मी काही बोलत नाही, गिऱ्हाईक आहात — आणि भिंगातून रेघ दिसली की आवाज मेला. तुम्ही मंडळी डोळ्यांनी ऐकता हो. बरं, तुम्ही स्वतः दिवसभर करता काय? लोकांच्या तोंडात खोटे दात बसवता. शेजारच्या दाताशी रंग जुळवून जुळवून, अगदी जरासा पिवळटपणासुद्धा घालून. मग येतो का कुणी परत, की डॉक्टर, हा दात माझा नाही हे काल लक्षात आलं, तेव्हापासून सफरचंद गोड लागत नाही? आलाच तर काय सांगाल त्याला? मग तेच मी तुम्हाला सांगतेय असं समजा.

हे बघा, हे सगळं काय पडलंय इथे टेबलावर? हा फळा कागदाचा. कागदच — थरावर थर, राळेत भिजवून दाबलेले. पावसात फुगत नाही, उन्हात चिरत नाही, मी आणि माझा नवरा मिळून एवढं चांगलं कधी वागलो नाही. पण कागद म्हटलं की गिऱ्हाइकाचं तोंड असं होतं, जसं काही मी त्याला वहीची पानं विकतेय. हा मेपल, भट्टीत भाजलेला. हा बांबू, पट्ट्या चिकटवून केलेला, कुऱ्हाडीलाही दाद देणार नाही. सगळे चांगले. पण तपकिरी, पिवळे, चट्ट्यापट्ट्याचे. तुम्हाला पाहिजे काळं कुळकुळीत. तिकडे जंगलात आजोबाच्या आजोबाच्या वयाचं झाड पाडतात, आत फिकट पट्टे निघाले की तिथेच टाकून दुसरं पाडतात, का, तर इथे डॉक्टरांच्या डोळ्याला डाग खपत नाही. आणि एवढं करून जे काळं म्हणून येतं त्यातल्या कितीकावर वरून रंगाचा हात फिरवलेला असतो — पण हे त्या मित्राला नका सांगू, भिंग फुटेल बिचाऱ्याचं.

नाही, बदलून नाही देणार. आबनूस, तुमची ती एबनी, आणू कुठून? आमच्या लाकूडवाल्यानं केव्हाच हात वर केले, परवाने मिळत नाहीत म्हणाला. आणि मिळाला तरी — ही पट्टी उचकटायची म्हणजे बाबांच्या देखत उचकटायची, आणि त्यांना — हळू बोला म्हटलं ना.

त्यांना माहीत नाहीये.

झालं. आता बोललेच आहे तर ऐका. बाबांना वाटतं हा आबनूस आहे. हाच काय, इथून गेलेले सगळेच. लाकूड यायचं बंद झालं तेव्हा मी हेच सगळे तुकडे त्यांच्यासमोर मांडले होते. एकेक उचलला, नखानं टिचकी मारली, वास घेतला, म्हणाले, 'चांगलंय. खुर्च्या कर यांच्या.' आणि ॲप्रन काढून खिळ्याला टांगला, तो टांगलाच. दाढी बंद. जेवायला बोलावलं की यायचे, ताटाकडे बघायचे, उठायचे. आई गेली तेव्हासुद्धा असे नव्हते बसले. तेव्हा दुसऱ्याच दिवशी रंधा हातात घेतला होता, आणि नावं ठेवली होती आम्ही — मी सगळ्यात जास्त. या वेळी आत्या येऊन रागावून गेली, ढिम्म हलले नाहीत. नुसते भिंतीकडे बघत. मला कळेना हा माणूस आता कशाला उठणार.

मग काय, स्वयंपाकघर. कडक चहा उकळला आणि अक्रोडाला पाजला. माझ्या हातचा चहा माणसं पीत नाहीत, लाकूड मात्र गटागटा पितं. मग व्हिनेगरमध्ये गंजके खिळे भिजत टाकायचे आणि ते पाणी वरून फिरवायचं — नवरा म्हणाला, आज भाजी काय आहे विचारायची भीतीच वाटतेय. पण काळं झालं हो, काळंभोर. घेऊन गेले, म्हटलं, बाबा, एका जुन्या कारागिराकडे आबनूस निघालाय. त्यांनी हातात घेतलं, अंगठा फिरवला. फिरवतच राहिले. मला वाटलं, संपलं. तर म्हणाले, 'बरं.' आणि उठून दाढी केली.

खरं सांगू? जीव भांड्यात पडला, आणि जरा कीवही आली. भल्याभल्यांच्या लाकडाला भुसा म्हणणारा माणूस, आणि अक्रोडाला फसला. मनातल्या मनात हसले मी. तेव्हा तुम्हालाच हसते असं मनाला लावून घेऊ नका, मी कुणाला सोडत नाही. आणि काम पण काय माझं, रंग आधी लावते आणि खाचा नंतर पाडते, म्हणजे खाचेच्या आत कोरं लाकूड राहणारच, पहिलीतल्या पोराला कळेल. पण फ्रेट बाबा ठोकतात. मग इथून एवढी गिटारं गेली, एकातही कधी रेघ दिसली नाही. एकातही नाही. मी म्हणायचे, नशीब आपलं, मुरत असेल रंग आपोआप. हे तुमचंच एक असं निघालं. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, ते दवाखान्यात, आणि तुम्हाला बायकोच्या वाढदिवसाला वाजवून दाखवायचं होतं, धीर नव्हता — म्हणून याचे फ्रेट तेवढे मी ठोकले.

काय झालं? असे काय बघताय? खाचेत मी काही वेगळं नाही केलं. जसं नेहमी देते तसंच होतं.

असो. तुम्ही असं करा, हे घ्या आणि निघा. जाताना दारातून जरा मोठ्यानं म्हणा, आवाज छान आहे. एवढंच. खोटं कसलं? 'अजिबात दुखणार नाही' हे रोज सकाळपासून कोण म्हणत असतं? मला म्हणा हवं तर काय म्हणायचं ते, रस्त्यावर जाऊन म्हणा, सगळ्या गावाला भिंग वाटा. पण इथे आबनूस नाही हा शब्द काढू नका. त्यांचा तो ॲप्रन परत खिळ्यावर गेला ना, तर — थांबा.

ठकठक केव्हा थांबली?

बाबा. तुम्ही कशाला उठलात, मी येतच होते. डॉक्टर आलेत, सहज, तारा बदलायला. हो ना, डॉक्टर? ... नाही, कुठे काय मोठ्यानं बोलत होते मी. हातात काय आहे? ब्रश कशाला? आणि ही बाटली — ही माझी नाही. चपला रंगवतात तो रंग आहे हा. झाकणाला फडकं गुंडाळलंय, अर्धीअधिक संपलीये. बाबा, ही केव्हापासून तुमच्या —

हं. देते. हे घ्या गिटार. कडेला आहे, इथे, या फ्रेटच्या — नाही, तुम्हाला सापडेल.

काय? ... खाचा आधी पाडायच्या, रंग नंतर.

बरं.

डॉक्टर, तुम्ही उद्या या.