डोरोथी आणि तेलाची वाटी

हसायचं असेल तर हसा, पण आधी पूर्ण ऐका. आमची सई झाली ती अमेरिकेत, ट्रॉयला, एटीजमध्ये. आईचा व्हिसा रिजेक्ट झाला, म्हणून माझ्या नवऱ्याने, सुधीरने, एजन्सीकडून डोरोथी नावाची नर्स ठेवली आणि स्वतः ऑफिसला पळाला. मला वाटलं, नर्स काय नि आपली मालिशवाली बाई काय, एकच!

आपल्याकडे बाई बाळाला न्हाऊ घालते आणि मग बाळंतिणीला चोळते, हो ना? डोरोथीने सईला आंघोळीला घेतलं, तशी मी वाटीत तेल कोमट केलं, कार्पेटवर जुनी साडी अंथरली आणि पालथी पडून राहिले.

डोरोथी बाहेर आली ती किंचाळलीच. "ओ माय गॉड! काय झालं तुला?"

"काही नाही. आता माझा नंबर ना?"

मी मालिशचं सगळं समजावून सांगितलं. ती हळूच म्हणाली, "हनी, मला फक्त बाळासाठी ठेवलंय गं."

इतके दिवस आवरलेलं रडू तिथेच फुटलं. साडीत तोंड खुपसून मी जी रडायला लागले, ती थांबेचना. बिचारी घाबरून फोनकडे धावली.

"तुझं बघणारी कुणी असेल ना इथे? बहीण, मावशी, मैत्रीण? नाव सांग, मी बोलावते."

मी खूप आठवून बघितलं. मग म्हटलं, "डोरोथी."