चार नंबरची खोली

नितेश : आई, हात सोड. आख्खी कांदिवली बघतेय.

जानकी : बघूं दे. मंगळवारी बायकोचं डोकं ओट्यावर आपटलंस, तेव्हा आख्ख्या चाळीनं बघितलं. तेव्हा नाय लाजलास?

नितेश : आणि तू मला वरवंटा हाणलास, त्याचं काय? सात टाके पडलेत. सख्खी आई आहेस का कोण?

जानकी : सख्खी म्हणून सातच पडले. दुसरा घालणार होते, तर मानसी मधे आली. सहा वर्षांची पोर तुझी. तिच्यासमोर तिच्या आईचा दात पडला, मेल्या! तेव्हापासून पोर तोंड उघडत नाय.

नितेश : बस ना यार. चढली होती मला. आठवत पण नाही.

जानकी : माका आठवता. रक्त मी पुसलंय.

नितेश : आणि आता ओढत कुठे आणलंस, तर म्युनिसिपालिटीच्या शाळेत. रविवारची बेवड्यांची मीटिंग! मी काय बेवडा आहे?

जानकी : मग डोक्याला काय बांधलंयस, लग्नाचा फेटा?

नितेश : हे बघ, सरळ बोलतो. मी आत बसतो. तू श्वेताला सांग, केस मागे घे.

जानकी : नाय.

नितेश : नाय काय नाय?

जानकी : केस रवतली, मागे नाय घेणार. साक्षीदार मीच आहे. परवा पोलीस ठाण्यात जाऊन सही केली.

नितेश : तू? माझ्याविरुद्ध? पोटच्या पोराला आत टाकायला निघालीस? थांब, आता तुला...

जानकी : उचल. उचल हात! वरवंटा पिशवीत घेऊनच आलेय, बघ चाचपून. आठवा टाका हवाय?

नितेश : मग फुकटचा कशाला बसू आत? मला काय मिळणार?

जानकी : काय नाय मिळणार. तुझो बापूस ह्याच वयात रक्त ओकून मेलो. मांडीवर डोकं घेऊन मी बसले होते. तुझं नाय घेणार मांडीवर, आधीच सांगते. माझ्यात दम नाय उरला.

(हातात चहाची किटली घेतलेला एक वयस्कर माणूस शाळेच्या फाटकाशी येतो.)

दत्ताराम : जानकीताई, या या! आज तुमचा मान मोठा. सहा महिने पुरे झाले, तुमचं नाणं आलंय. हे कोण?

जानकी : माझो झील. नितेश.

नितेश : कसलं नाणं?

दत्ताराम : सहा महिने दारू सोडली की ग्रुपकडून देतात. मी दत्ताराम. इथला चहा माझ्याकडे. मला नऊ वर्षं झाली.

नितेश : दारू? हिने? आयला, ही खोकल्याचं औषध पण हुंगून परत ठेवते!

जानकी : दत्ताभाऊ, माझी चूक झाली. मी ह्याच्यासाठी चौकशीला आलेली. पिणाऱ्यांच्या घरच्यांची मीटिंग पाच नंबरच्या खोलीत असते, ते माका कुठे ठाऊक? वॉचमनने चार नंबर दाखवला. आत एकेक जण उठून बोलत होता, मी अमका, मी बेवडा. गावात देवाला गाऱ्हाणं घालताना सगळे ‘होय महाराजा’ म्हणतात ना, मला वाटलं तसंच इथे म्हणायचं असतं. मी पण उठले. म्हटलं, मी जानकी, मी बेवडी.

नितेश : आणि सहा महिने हेच म्हणतेस?

जानकी : दुसऱ्याच रविवारी कळलं. पण तिथून उठून जाववेना. इथले पुरुष बायकोला मारल्याचं सांगतात आणि रडतात. तुझो बापूस कधी रडलो नाय. आणि मी तरी कुठे धुतल्या तांदळाची? त्याला मीच ग्लास भरून द्यायचे, पाणी कमी घालून. लवकर आडवा झाला तर मार कमी पडेल म्हणून. तू खाटेखालून सगळं बघायचास. ते मी इथे पहिल्यांदा बोलले.

दत्ताराम : ताई, आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

जानकी : अरे देवा! कसं?

दत्ताराम : नवीन माणसाला मी कप अर्धाच देतो. हात थरथरतात, चहा सांडतो, बिचारा लाजतो. तुम्ही माझ्याशी भांडलात, ‘अर्धो कित्या? पुरो भर!’ आणि काठोकाठ कप घेऊन चार नंबरपर्यंत गेलात. थेंब नाही सांडला.

जानकी : मग हाकललं का नाय?

दत्ताराम : माझ्या बायकोच्या कानाचा पडदा मी फोडलाय, ताई. ती त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. तिला काय वाटलं असेल ते मला तुमच्याकडून कळत होतं. कसा हाकलणार?

जानकी : ते नाणं ठेवा परत. आजपासून मी पाच नंबरात. श्वेता बसलीय तिथे, माहेराहून, मुलुंडहून आलीय.

नितेश : श्वेता आलीय?

जानकी : तुझ्यासाठी नाय, स्वतःसाठी. त्या दाराशी फिरकलास तर याद राख.

नितेश : मग मी काय करू?

जानकी : रिक्षा स्टँडच्या मागे तुझा बार आहे. इकडे चार नंबर. हा बघ, सोडला हात. मी चालले.

नितेश : आई... आई, थांब ना...

दत्ताराम : जाऊ द्या त्यांना. चहा घेणार?

नितेश : द्या.

दत्ताराम : किती?

नितेश : अर्धाच.