कबुतरांसाठी टांगलेली डीव्हीडी

नारायण पेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात रांगेत उभी असलेली चैताली पुढच्या रंगराव आणि कौशल्याबाई या नवरा-बायकोचं बोलणं ऐकता ऐकता आपण काय घ्यायला आलो तेच विसरली.

"डिस्क नीट वाचली जात नाहीये, काका," दुकानदार म्हणाला. "ठेवली कुठे होती?"

"गॅलरीत, दोरीला. कबुतरं फार यायची."

"अहो! नातीच्या बारशाची डिस्क? आईनं म्हटलेला पाळणा होता त्यात! आई गेली, आता तो आवाज कुठून आणू?"

"कौशल्या, मी विचार करूनच टांगली. आपल्याकडे दोन डिस्क होत्या, एक डीव्हीडी-आर आणि एक डीव्हीडी-आरडब्ल्यू. यांनीच सांगितलेलं, आरडब्ल्यूवरचं पुसता येतं, नुसत्या आरवरचं येत नाही. म्हणून आरडब्ल्यू कपाटात ठेवली आणि आर उन्हात."

"काका, ड्राइव्हला पुसता येत नाही, उन्हाला येतं. आरवरचं रेकॉर्डिंग रंगाच्या थरात असतं. तो रंग उन्हानं उडतो."

"हे तेव्हाच सांगायचं."

"गॅलरीत टांगणार, हे तुम्ही तेव्हाच सांगायचं."

"आणि कपाटातल्या डिस्कवर काय आहे हो?"

"काही नाही. कोरी आहे."

"म्हणजे तीन वर्षं माझ्या आईनं कबुतरं हाकलली, आणि कोरी डिस्क कुलपात!"

"थांबा काकू. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, आणि ही कडेकडून खराब होत आलीये. आतली सुरुवातीची नऊ मिनिटं शाबूत आहेत."

"पाळणा आहे त्यात?"

"नाही. काका माइकवर पाहुण्यांचं स्वागत करताहेत."

"नऊ मिनिटं?"

"पूर्ण नऊ."

"तेवढं पुसून द्या."