नाई उघडत, बाबा

आमी मूळचे नागभीडकडले, कुलूपं करनारे. आज्यानं उलट्या चावीचं कुलूप शोधून काढलं, माह्या बाबानं दोन खटक्यांचं काढलं, आमच्या घरी दर पिढीनं काहीतरी नवं काढाचंच, चुलीवर काही असो का नसो. अन् काय सांगू बाई तुमाले, नव्या कुलपाची परीक्षा घ्याची कोनं, त मी, दहा-अकरा वर्षांची पोट्टी. बाबा कुलूप लावून माह्यापुढं ठेवे अन् म्हने, उघड वं पोट्टे. मी जंगलात सापडलेला सायाळीचा काटा भोकात घालून कान लावून बसो. खट् वाजलं का बाबा हासे, चोट्टी कुठली म्हने, अन् कुलूप पुन्हा भात्यापाशी नेऊन सुटं करून सुधरे. माह्याच्यानं उघडलं ते बाजारात नाई जाये, हा त्याचा नेमच होता.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील, बाजारात कंपनीचे कुलूपं येऊन राह्यले होते, तवा बाबानं तीन खटक्यांचं काढलं. सहा खेपा मी ते उघडलं. बाबाचे डोये लोखंडाच्या कीसानं लाल. सातव्या खेपेले माय मांगून हळूच म्हने, नको उघडू वं आता, मरन तो मानूस. खटका माह्या काट्याखाली हालला होता, बाई. हालला होता. मी काटा काढून घेतला अन् म्हनलं, नाई उघडत, बाबा. त्यानं मले उचलून आंगनभर नाचवलं. मायनं गुलगुले केले.

ते कुलूप धान गिरणीच्या शेटनं नेलं. दिवाळीनंतर त्याचं कोठार रिकामं झालं अन् कुलपाले ओरखडा नाई. शेट म्हने, एक चावी माह्या कमरेले, दुसरी कोनाजवळ? पोलिस आनले होते, त्यातल्या शिपायानं बाबाचा हात धरला. बाबा म्हने, दुसरी मी केलीच नाई. शिपाई म्हने, मंग उघडलं कसं? बाबा म्हने, बिनचावीनं ते उघडतच नाई साहेब, हे माही पोट्टी साक्ष आहे. आपल्याच तोंडानं फसला बिचारा. सारं गाव माह्याकडं पाहून राह्यलं.

मी घरी पळाली, काटा आनला, शेटच्या ओट्यावर सगळ्यांपुढं कुलूप उघडलं. शिपायानं हात सोडला. मांगून कोनीतरी म्हनलं, वा रे कुलूप, यापेक्षा सुतळी बरी. सारे हासले. बाबानं मले इतकंच विचारलं, त्या दिवशीबी उघडत होतं का वं? मी हो म्हून मान हालवली. तो म्हने, मंग आज काऊन उघडलं? चोर म्हून जाऊ द्याचं होतं मले.

भाता मंग चाललाच नाई. माहा मोठा भाऊ चांद्याकडं कोळशाच्या खदानीत गेला, कंदील घेऊन जमिनीखाली. बाबा पाच पावसाळे जगला, मले कधी रागे भरला नाई, पन उघड वं पोट्टे म्हून हाकबी नाई मारली. मी वाट पाहो, बाई. पाचही पावसाळे.

शेटनं फेकलेलं ते कुलूप मी उचलून आनलं होतं. हे पाहा, खुंटीले आहे, उघडंच. नातू म्हनते, आजी, लावून पाहू का? मी म्हनतो, नको रे, लावलं का माहे हात काटा शोधतेत.

जा आता, सांजच्याले गाडी नाई भेटत. तुमची पोट्टी तुमच्या तोंडावर तुमची चूक सांगो, बाई, अन् वेळेवर सांगो. दुसरा आशीर्वाद नाई माह्याजवळ.