पोवळ्याच्या पायाची चिंधी

हुसेन : ते काई नाई, भगवंता! उद्या कोंबडा आरवताच आपल्या पातूरच्या बारा गाड्या खामगावले निघून राहिल्या. तुयी गाडी पायजेच. पावसाच्या आंधी कापसाची ही आखरी खेप.

भगवंतराव : कसा येऊ, हुसेनभाऊ? पोवळ्याचा पाय दिसून राहिला ना तुले.

हुसेन : पाडव्यापासून तोच पाय! तिकडं सात समिंदरापार जंग लागली म्हनून आपल्या कापसाले भाव. ती जंग का तुया बैलासाठी थांबते मियाँ? सोड ती चिंधी, पाहू दे मले.

भगवंतराव : हात नको लावू! माशा बसतीन.

हुसेन : गावात नालबंद असून नाल ठोकला कोनं? खुरात खिळा खोल घातला कोनं?

भगवंतराव : मीच. गाडी जुपाची घाई होती. माया हातानं झालं, कोनाले बोलू? जाय तू, सुखरूप ये.

हुसेन : जातो बापा. पन लोक हासून राहिले बरं. म्हन्तात, भगवंता यंदा बायको-पोरीले घेऊन रानोमाळ फिरते.

भगवंतराव : फिरतोच. सांग त्याईले.

(हुसेन जातो. पार्बताबाई पाण्याचा गडवा घेऊन बाहेर येते.)

पार्बताबाई : अजी, एक सांगाचं होतं. रागवान तुमी.

भगवंतराव : सांग वं.

पार्बताबाई : पोवळ्याचा पाय अखाजीच्या सनाआंधीच बरा झाला. मीच रोज सकाळी हळद लावून चिंधी बांधतो.

भगवंतराव : कावून?

पार्बताबाई : आपली गोदी आठ दिवसानं सासरी चालली, बाळापूरले. चार उन्हाळे तुमी गाडीवरच. पोट्टी मले म्हने, बाबाले खामगावची वाट मालूम हाये, मीच मालूम नाई. यंदा तुमी तिले लेण्याईतली वटवाघळं दाखवली, पानवठ्यावर पानी पेनारे रोही दाखवले. आन मोहाखाली अस्वल आलं तवा...

भगवंतराव : ते नको काढू.

पार्बताबाई : पयले झाडावर कोन चढलं?

भगवंतराव : तुमाले फांदी दाखवाले चढलो.

पार्बताबाई : अस्वलबी झाडावर चढते, हे खालून पोरीनं सांगतलं तुमाले! ते मोहफुलं खाऊन आपल्या वाटेनं गेलं म्हनून वाचलो. घरी येऊन आमी मायलेकी पोट दुखेपर्यंत हासलो. लगीन होऊन आली तवापासून अशी हासली नवती मी. मंग चिंधी सोडाले हात होयेना. खेपा बुडाल्या, त्या मायापायी.

भगवंतराव : पार्बते, पोवळ्याले पानी पाजाले कोन नेते?

पार्बताबाई : तुमीच.

भगवंतराव : पान्यात उतरला की चिंधी सुटते. मंग बैल काठाकाठानं उधळते. त्याले धरून आनतो, चिंधी पिळतो आन परत बांधतो.

पार्बताबाई : बापा! आन हुसेनभाऊले म्हने माशा बसतीन!

भगवंतराव : तुये लय उपकार झाले. चार वर्सं मी म्हनत होतो, पोरीसाठीच राबून राहिलो. पन पोरगी पाखराच्या मांगं पयते कशी, बोलते किती, हे याच उन्हाळ्यात पाह्यलं. देवानं दिलं, तुया हातून दिलं.

पार्बताबाई : डोये पुसा. पोट्टी येऊन राहिली.

भगवंतराव : येऊ दे. तिले म्हन भाकरी बांधून घे. उन्हं कलली, आन अजून आठ दिवस हायेत.