तारा नसलेलं घर

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपल्या मंडळीचे पाळक आदरणीय शिवराज त्रिभुवनसाहेब. पंचमंडळातले सगळ्यांत ज्येष्ठ काकासाहेब दुशिंग. महिला मंडळाच्या अध्यक्षा प्रेरणाताई साळवे. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. छावणीतून, मुकुंदवाडीहून, गारखेड्यातून रविवारची दुपारची झोप मोडून आलेले माझे ख्रिस्ती बंधुभगिनी. आणि शेवटच्या रांगेत संकोचून बसलेले माझे शेजारी कमरोद्दीनभाई आणि अमिनाभाभी, तुम्हां सर्वांना या पाटोळे सिस्टरचा सलाम.

गेला अर्धा तास मी माझ्याबद्दल चांगलं-चांगलं ऐकत बसले. प्रेमळ, सोशिक, गोड बोलणारी. मध्येच मला वाटलं, या बाई आहेत तरी कोण, जाण्यापूर्वी एकदा भेटून घ्यावं. एवढं गोड तर माणूस गेल्यावर बोलतात. मी फक्त मुलीकडे नाशिकला चाललेय, आणि तेसुद्धा मंगळवारी. तोपर्यंत माझी जीभ शाबूत आहे, हे ध्यानात असू द्या.

तुम्ही शाल दिलीत, बायबलच्या वचनाची फ्रेम दिलीत, उपकार मानते. शाल घालताना प्रेरणाताईंनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "सिस्टर, बरं वाटतंय ना?" अगदी हळू आवाजात, आजाऱ्याला विचारावं तसं. प्रेरणाताई, रागावू नका. तुम्ही एकट्याच नाही. ही सगळी मंडळी गेली काही वर्षं माझ्याशी अशीच हळू आवाजात बोलते. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

पाळकसाहेबांनी मला विषय दिलाय, 'नम्रता, सेवा आणि विश्वास'. आगमनकाळ आहे, नाताळ तोंडावर आलाय, विषय शोभून दिसतो. पण सेवेबद्दल मी काय सांगणार? उभा जन्म सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात गेला, हे खरं. या सभागृहातल्या पुष्कळांना पहिली आंघोळ मी घातली आहे. तुम्ही तेव्हा काय गोंधळ घातला होता तेही मला आठवतं, पण सुना बसल्यात, म्हणून बोलत नाही. मात्र त्याचा पगार मिळत होता हो. नोकरी होती ती. तिला सेवा म्हणून हार घालून घेणं माझ्या जिवावर येतं.

नम्रतेबद्दल मात्र बोलते. कारण तो धडा मला फार उशिरा समजला, आणि अजून पुरता उतरलेला नाही.

कमरोद्दीनभाईंसाठी थोडं आधीपासून सांगते. बाकीच्यांनी ठाऊक आहे म्हणून चुळबुळ करू नये. आमच्यात डिसेंबर लागला की घरावर कागदाचा तारा टांगतात, आत दिवा. नाताळच्या आधी आमचा तरुण संघ ढोलकी, गिटार घेऊन घरोघर गीतं गात फिरतो. तिला आम्ही फेरी म्हणतो. जिथं तारा दिसेल तिथं थांबायचं, गीतं म्हणायची, प्रार्थना करायची, करंज्या खायच्या आणि पुढचं घर गाठायचं. पण ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं असेल, ते घर तारा लावत नाही. अशा घरापाशी फेरी आली की ढोलकी बंद. टोप्या हातात घ्यायच्या, फाटकाशी मनातल्या मनात प्रार्थना करायची आणि चपला न वाजवता पुढं जायचं. हे कुठं लिहिलेलं नाही, वहिवाट आहे. आणि चांगली वहिवाट आहे, माझी तिच्याबद्दल तक्रार नाही.

आमचे हे, राजकुमार पाटोळे, पाच वर्षांपूर्वी गेले. तुम्हाला ते ठाऊकच आहेत, सहा फुटी माणूस. वाळूजच्या कंपनीत फिटर होते, पण खरा जीव ताऱ्यात. बांबूच्या कामट्या तासायच्या, पतंगाचा कागद आणायचा, खळ शिजवायला मला लावायची आणि खळीत गाठी झाल्या म्हणून माझ्यावरच ओरडायचं. छज्ज्याला उंचावर हुक आहे, त्याला ते नुसता हात वर करून तारा अडकवायचे. मी खालून म्हणायचे, वाकडा आहे. ते म्हणायचे, तूच वाकडी उभी आहेस.

ते गेले त्या वर्षी मी तारा लावला नाही. फेरी आली, फाटकाशी थांबली, गप्प झाली. मी दाराच्या आत उभी होते. एवढी ओरडणारी पोरं माझ्यासाठी गप्प झाली, याचा मला आधार वाटला. त्या रात्री मी तुम्हा सगळ्यांसाठी प्रार्थना केली.

आता या वहिवाटीत एक गोम आहे. दुःख सुरू झालं ते सगळ्यांना कळतं. ते संपलं हे विचारायला कुणी येत नाही, आणि विचारावं तरी कसं? पुढच्या वर्षी घरानं तारा लावायचा, म्हणजे लोक समजतात. पुढच्या वर्षी माझे गुडघे कामातून गेले होते. हुक तिथंच, उंचावर. स्टुलावर चढावं, तर म्हाताऱ्या माणसानं स्टुलावर चढू नये म्हणून या मंडळीत दम देत कोण फिरायचं? मीच. काकासाहेब, जळमटं काढताना पडलात तेव्हा तुम्हाला मी किती बोलले होते! हसू नका, तुमचा खुबा अजून माझ्या लक्षात आहे.

मग राहिलं काय? कुणाला तरी सांगायचं. तरुण संघातल्या सुयशला एक फोन करायचा, बाळा, जाता जाता तारा टांगून जा. एवढंच. आणि एवढंच माझ्याच्यानं झालं नाही. कारण मी पाटोळे सिस्टर. लोकांनी मला बोलवायचं, मी जायचं. कुणाचं पोर तापलं, कुणाचं सलाईन सुटलं, सिस्टर हजर. सिस्टर कुणाला बोलवत नसते. मला वाटायचं, यालाच नम्रता म्हणतात.

त्या वर्षी मी करंज्या केल्या, ताट झाकून ठेवलं, बाहेरचा दिवा लावला. मनात म्हटलं, वर्ष सरलंय, कळेल पोरांना. लांबून ढोलकी ऐकू आली. गल्लीच्या तोंडाशी गीत चालू होतं, शेजारच्या वळणापर्यंत आलं आणि माझ्या फाटकाशी थांबलं. मग नुसती पावलं. दबकत येणारी आणि दबकत जाणारी. पुढच्या घराशी परत ढोलकी सुरू झाली.

दार उघडून "अरे, या ना" म्हणता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. व्हय, आलं असतं. पण प्रार्थनेला मान खाली घातलेल्या माणसांना हाक कशी मारावी? तुम्ही तर माझ्या दुःखाचा मान राखत होतात. आणि मी आत बसून एकटी पडत होते. लई एकटी. आज पहिल्यांदा हा शब्द तोंडानं उच्चारतेय.

पाणी नको, प्रेरणाताई, ठीक आहे मी.

त्याच्या पुढच्या वर्षी तेच, त्याच्याही पुढच्या वर्षी तेच. उलट तुम्ही जास्त काळजी घ्यायला लागलात. सिस्टर अजून दुःखात आहेत, म्हणून लग्नाच्या जेवणात मला कोपऱ्यातली शांत खुर्ची. महिला मंडळाच्या सहलीला मला विचारायचं नाही, त्यांना त्रास नको. सुयश, खाली बघू नकोस, बाळा. तुझी चूक नाही. तुला मोठ्यांनी शिकवलं ते तू मनापासून पाळलंस. एखादा उनाड पोरगा त्यात असता आणि चुकून गाऊ लागला असता, तर फार बरं झालं असतं.

गेल्या वर्षी फेरी अशीच गप्प निघून गेली आणि मी फाटक लावायला बाहेर आले. कमरोद्दीनभाई त्यांच्या ओट्यावर बसले होते. ते जवळ आले आणि म्हणाले, "सिस्टर, बुरा मत मानो. तुम्हारे लोगां तुमसे रूठे क्या? हर घर के सामने गाते, तुम्हारे सामने आके चुप हो जाते."

बाहेरच्या माणसाला ते वाळीत टाकल्यासारखं दिसलं हो. मी हसले आणि वहिवाट समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, आमच्या पोराला, जुनेदला सांगायचं होतं, तारा टांगणं त्याला काय अवघड? मी म्हटलं, राहू द्या, असंच बरं आहे. आत आले, दार लावलं, आणि झाकलेल्या ताटापाशी बसून रडले. शेजाऱ्यानं मदत पुढं केली, तीही मला घेता आली नाही. गुडघ्यांवर औषध असतं. याच्यावर काय असतं?

दुसऱ्या दिवशी श्रेयाचा, माझ्या मुलीचा फोन आला. नेहमीसारखं विचारलं, "आई, फेरी आली होती?" मी म्हटलं, आली होती. खोटं नव्हतं ते. तिनं विचारलं, "कुठलं गीत म्हणाले?" हे असताना मी तिला सगळं सांगायची, कोण बेसूर गायलं, कुणी चार करंज्या खिशात घातल्या. त्या दिवशी गप्प बसले. तिला काय समजायचं ते समजलं. तिथून तिनं धोशा लावला, आई, तू इकडं ये. माझं जाणं त्या फोनवर ठरलं. तुम्हाला सांगितलं ते गुडघ्याच्या ऑपरेशनचं कारण खरंच आहे, पण ते नंतरचं.

काकासाहेब चिठ्ठी पाठवताहेत. काकासाहेब, तुम्ही सत्काराच्या वेळी काय काय बोलत होतात, ते मी मुकाट ऐकलं. थोडं सोसा. विषयाकडे येतेच आहे.

नाताळात आपण गव्हाणीतल्या बाळाकडे बघतो आणि म्हणतो, केवढी नम्रता, देव गोठ्यात जन्मला. मी एवढी बाळं हातात घेतली, मला गोठ्याचं फारसं नवल वाटत नाही. आमच्या वॉर्डात एका खाटेवर दोन-दोन बाळंतिणी असायच्या, त्यापेक्षा गोठा ऐसपैस. मला नवल वाटतं ते बाळाचं. ताज्या जन्मलेल्या बाळाला काही म्हणजे काही येत नाही. ते पुसावं लागतं, गुंडाळावं लागतं. त्याची मान धरावी लागते. नव्या आईला मी पहिलं हेच सांगायची, मान धर गं, मान धर. आता बघा, ज्यानं आभाळ तोलून धरलं, त्याची मान एका पोरसवदा आईला धरावी लागली. त्याला भूक लागली की रडावं लागलं. त्यानं मागून घेतलं. दूध मागितलं, ऊब मागितली, मांडी मागितली. द्यायला तर तो नंतर लागला. सुरुवात त्यानं मागण्यापासून केली.

हे मला यंदाच्या आगमनकाळात, घरातलं सामान बांधताना सुचलं. मी आयुष्यभर दिलं, आणि देणाऱ्याचा हात वर असतो हे विसरले. विश्वास देवावर ठेवला, पण गल्लीतल्या पोरावर ठेवता आला नाही, की सांगितलं तर तो हसणार नाही, येईल. पाळकसाहेब, तुमच्या विषयातलं मला एवढंच येतं.

सामान बांधताना माळ्यावरून यांनी केलेला शेवटचा तारा खाली काढला. म्हणजे जुनेदनं काढला. यंदा मी त्याला बोलावलं, ही नोंद घ्या. उंदरांनी कागद खाल्लाय. कामट्या तेवढ्या राहिल्यात, गाठी अजून पक्क्या आहेत. तो सांगाडा मी नाशिकला घेऊन चाललेय. श्रेया म्हणते त्याच्यावर कागद चढवू. चढवू म्हणावं, पण खळ मी करणार नाही.

आता आभार. अध्यक्षांचे, पंचांचे, महिला मंडळाचे, ज्यांनी खुर्च्या मांडल्या त्यांचे, जे नंतर उचलणार आहेत त्यांचे. कमरोद्दीनभाई, तुम्ही विचारलंत म्हणून मला कळलं, शुक्रिया. कुणाला माझं बोलणं लागलं असेल तर इंजेक्शन समजा आणि चोळून टाका. सिस्टरचा हात जड आहे, हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे.

आणि एक मागणं आहे. मला मागायची सवय नाही, म्हणून सरळ सांगते. आज संध्याकाळी आमच्या गारखेड्याची फेरी आहे. माझ्या घरावर आज तारा नसणार, लावायला तो उरलाच नाही. सामान बांधलंय, बसायला खुर्ची नाही. पण करंज्या केल्या आहेत आणि दार उघडं ठेवणार आहे. सुयश, माझ्या फाटकाशी आलास की ढोलकी थांबवू नकोस, बाळा. उद्या श्रेयाचा फोन येईल. कुठलं गीत म्हणाले, ते मला तिला सांगायचं आहे.

सलाम.