फलाट क्रमांक चारवर कोण रडतंय?

...आणि वर लोक मलाच विचारतात, "डोळे का हो इतके लाल? जागरण झालं वाटतं?" जागरण! अहो, एरवी झोपणाऱ्या माणसानं एखादी रात्र जागून काढली तर त्याला जागरण म्हणतात! माझ्या अकरा रात्री झाल्या, अकरा! डोळ्याला डोळा नाही! आणि कारण काय, तर एक दात. माझा नाही हो! माझे सगळे जागच्या जागी आहेत. दात आमच्या कन्येचा. वय महिने सात. आणि तोही तोवर आलेला नव्हता बरं का... यायचा होता! नुसता यायचा होता तर ही अवस्था, म्हटलं, आला म्हणजे काय करेल?

सासूबाईंना फोन केला. म्हटलं, रात्रभर रडते, लाळ गळते, हाताला लागेल ते तोंडात घालते. तर त्या कशा, अगदी शांत, "अहो जावईबापू, दातच येतायत ना? सगळ्यांना येतात!" झालं! संपला फोन!

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, "ताप नाही, पोट चांगलं आहे. थंड ओलं फडकं द्या चघळायला." म्हटलं, आणि आम्ही काय चघळायचं? हसल्या. "दातच येतायत हो. सगळ्यांना येतात!"

म्हणजे आगीच्या बंबाला फोन करावा आणि पलीकडून त्यांनी म्हणावं, जळतंय ना? जळायचंच!

आता आमच्याकडे पाळ्या ठरल्यात. दोनपर्यंत बायको, दोननंतर मी, कारण तिला सकाळी सातला शाळेत शिकवायला उभं राहायचं असतं. आणि तुम्हाला सांगतो, त्या पोरीला घड्याळ कळतं! दोन वाजून एका मिनिटानं जो सूर लागतो, की वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर काठीनं जमीन ठोकतात. आमचं छत म्हणजे त्यांची जमीन ना! मग मी तिला खांद्यावर घेतो, स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर, आणि ती माझा खांदा चावते. हिरड्यांनी! तासाभरानं मान कलंडते. मग गादीवर आधी तिचे पाय टेकवायचे, मग पाठ, मग डोकं, मग डोक्याखालचा हात... एकेक बोट करून... काढायचा. काढला. श्वास धरला. एक पाऊल मागे घेतलं... आणि माझा गुडघा वाजला. कट्! बस्स. पुन्हा स्वयंपाकघर ते गॅलरी!

आणि दिवसा? पाळणाघराच्या ताई संध्याकाळी कौतुकानं सांगतात, "किती गुणाची पोर हो! दिवसभर झोपून असते!" झोपणारच! रात्रपाळी करून आलेली असते ती! म्हटलं, ताई, रात्री फार रडते. तर ताई, "दातच येतायत ना? सगळ्यांना..." येतात! माहीत आहे! पाठ झालंय मला!

आता माझं काम काय, तर बस स्थानकावर घोषणा करण्याचं. काचेची एवढीशी खोली, समोर माईक, डोक्यावर पंखा. "प्रवाशांनी लक्ष द्यावे, फलाट क्रमांक चारवरील गाडी सुटण्याच्या तयारीत आहे." हा मी! बारा वर्षं झाली, एक चूक नाही. काल दुपारी पावणेतीनला माईक चालू केला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे," म्हटलं. "फलाट क्रमांक चारवर..." आणि पंख्याचा तो घूंऽऽऽ आवाज... तुम्हाला सांगतो, मला एवढंच आठवतं.

पुढचं मला कंडक्टरनं सांगितलं. मी म्हणे माईक जवळ ओढला, आणि सगळ्या कर्ण्यांतून, अख्ख्या स्थानकावर, "फलाट क्रमांक चारवर... कोण रडतंय? कुणीच नाही रडत... कुणाचं बाळ ते? बाबाचं बाळ... गप गप गप... कुठं दुखतंय, दाखव बघू बाबाला, आऽऽ कर..." आणि माईकला थोपटतोय! थप, थप, थप! नऊ मिनिटं! चारवरचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून आडवा. बाकांवर माणसं पेंगलेली. एका आजोबांनी तक्रार-वहीत लिहिलंय, मी वाचलंय स्वतः, "झोप उत्तम लागली. गाडी गेली."

दार आपटलं तसा मी जागा झालो. समोर व्यवस्थापक साहेब. आणि मी अर्धवट झोपेत साहेबांनाच, ओठांवर बोट ठेवून, "श्शूऽऽ! आत्ताच झोपलीय!" हेही माईकवर!

"हे बस स्थानक आहे की पाळणाघर?" साहेब ओरडले. "लेखी खुलासा द्या!" मी दिला. कारण : दात. "कुणाचा?" "मुलीचा, साहेब." साहेबांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, मला वाटलं, सुटलो, बापमाणूस आहे... तर म्हणतात कसे, "दातच येतोय ना? सगळ्यांना येतात!" आणि माईक गेला! आता दोन आठवडे मी बसायचं, हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर. तिथे छत्र्या आहेत, डबे आहेत, एका पायाचा बूट आहे... म्हटलं, कुणी माझी झोप आणून जमा केली असती, तर सही करून घेऊन गेलो असतो!

घरी आलो ते भांडायच्याच तयारीनं. म्हटलं, आज बायकोला ऐकवतोच, बारा वर्षांची अब्रू गेली माझी! तर ती स्वयंपाकघरात, पोरीला पोटाशी धरून, खाली फरशीवर बसलेली. दोघीही रडतायत. म्हटलं, "अगं, काय झालं?" तर म्हणाली, "मला झोपेचं काही नाही रे. तिला सांगता येत नाही ना, दुखतंय म्हणून. आपण नुसते बघत बसतो."

अहो, भांडण राहिलं बाजूला. मी दहा रात्री माझे तास मोजत होतो. तिच्या हिरडीतून हाडाएवढं कठीण काहीतरी वर येतंय, आणि मी विचार कसला करत होतो, तर माझ्या खांद्याचा!

मी पण बसलो खाली. ओलं फडकं बोटाला गुंडाळलं, हळूच हिरडीवर फिरवायला लागलो. रडं थांबलं. हुंदके... हुंदके... आणि मग कच्‌कन चावली! म्हटलं, "आई गं!" बायको म्हणाली, "ओरडतोस काय?" म्हटलं, "अगं, लागलं! खरंच लागलं! बघ तू!" तिनं बोट घातलं. खसखशीच्या दाण्याएवढं. टोकदार. आला होता हो! आम्ही दोघं असे काही हसलो, की वरून काठी वाजली!

आणि त्या रात्री, तुम्हाला सांगतो, पोर आठ वाजता झोपली. दहा वाजले, हूं नाही. बारा, चूं नाही. दोन वाजले, दोन वाजून एक... शांत! मी डोळे टक्क उघडे. शेजारून बायको कुजबुजली, "अरे, आवाज का नाही रे तिचा?" म्हटलं, "झोपलीय." "मग हलत का नाही?" म्हटलं, "झोपलेलं माणूस हलत नाही." "तू बघितलंस का श्वास?" मी उठलो. नाकाशी बोट धरलं. काही कळेना! दिवा लावला. बायको उठली. "जरा गालाला हात लावून बघ ना... अगदी हळू."

लावला.

पोरीनं डोळे उघडले. आमच्याकडे पाहिलं. एका दातानं हसली... आणि सकाळी सहापर्यंत खेळली!

आता रडली असती, तर दातावर ढकलता आलं असतं. पण उठवलं कुणी? आम्हीच! बोला, कुणाच्या नावानं ओरडू?